ओलीचा डाग

सोलमध्ये तांदळाच्या केकच्या दुकानापुढे रांगेत होतो. माझ्यामागे मायलेकी उभ्या होत्या.

"आई, त्यांना माझं कापड आवडलं. अख्ख्या हॉटेलला माझेच पडदे लागणार."

"कुठलं? त्या गंजक्या शटरच्या नक्षीचं?"

"नाही गं. आपल्या मागच्या खोलीतला ओलीचा डाग. जसाच्या तसा विणून घेतलाय."

"अगं बाई. तो डाग मी जन्मभर कपाटाआड लपवला, आणि तू हॉटेलच्या खिडक्यांना टांगणार?"

"आता लपवू नकोस. हॉटेलच्या बाई उद्या सकाळी घरी येतायत. नमुना भिंतीशेजारी धरून बघणार आणि मगच सही करणार."

"तू फोनवर एवढंच म्हणालीस, पाहुणे भिंत बघायला येणार. म्हणून मी आजच नवा वॉलपेपर लावला. गुलाबाचा आहे."

"आई, संपलं सगळं. तो ओढून काढला तर खालच्या जुन्या कागदावरचा डागही निघून येईल."

"हेरिम, रडतेस काय? या पावसाळ्यात त्या भिंतीवर कुठला कागद रात्रभर टिकलाय? सकाळी गुलाबांवर तुझा डाग हजर असेल. गेल्या वर्षीपेक्षा मोठाच येईल, बघ."

"मोठा नको गं आई. नमुना विणून झालाय."