आतून कडी

(फुलंब्रीजवळची वस्ती. ओसरीत बाजेवर म्हातारा सूर्यभान, उशाशी त्याची बायको सारजाबाई, पायाशी सुतळी घेतलेला गावचा सुतार कडूबा.)

कडूबा : तात्या, पाय जरा लांब करा. माप चुकंल.

सूर्यभान : कशाचं रं माप? बाज तर चांगली हाय माझी.

कडूबा : बाजंचं नाय... काकू, तुम्हीच सांगा.

सारजाबाई : पुरायच्या पेटीचं. घ्या, सांगितलं.

सूर्यभान : आगं, मी अजून आत गेलो नाय अन् तुला झाकणाची घाई!

सारजाबाई : डॉक्टर काय म्हणाला, तुम्ही बी ऐकलं. घरी न्या, मागतील ते खाऊ घाला.

सूर्यभान : मी कोंबडी मागितली. कुठं हाय?

सारजाबाई : पेज ठरंना पोटात, कोंबडी मागतात!

सूर्यभान : कडूबा, तू हिंदू माणूस, तूच इन्साफ कर. आमच्यात वर्षाच्या शेवटाला चर्चमधी डबा फिरतो. हात घालायचा, चिठ्ठी काढायची. तिच्यावर शास्त्रातलं वचन. देवानं तुला दिलेलं, पुढच्या सालभराचं. मला काय निघालं? तू मरणार नाय, जगशील!

कडूबा : मग बरंच की. माप राहू देऊ?

सारजाबाई : घे तू माप. परवा नाताळ. साल सरत आलं.

सूर्यभान : सरत आलं, सरलं नाय! तवर देव करारात गुतलाय. मुदतीच्या आत मला नेलं तर त्याचीच बेअब्रू.

सारजाबाई : आन मुदत सरल्यावर?

सूर्यभान : पुन्हा डब्यात हात घालीन.

सारजाबाई : कूस बदलायला मी लागते, अन् डब्यात हात घालतात!

सूर्यभान : पोलीस ॲक्शनच्या साली बी तू अशीच घाई केली. कडूबा, रझाकारांच्या भ्यानं मी बाजरीत दडलो. शेजारी एक लांडगा. त्यो बी त्यांनाच भिऊन आलेला. दोघं धाटांच्या एका आडोशाला झोपायचो. घरी येतो तर हिनं बांगड्या फोडलेल्या! माझ्याच दुखवट्याचं जेवलो मी. मीठ कमी होतं.

सारजाबाई : तवा अंगात रक्त होतं तुमच्या.

कडूबा : झालं माप. काकू, बिजागऱ्या दोन लावू का तीन?

सारजाबाई : कशाला बिजागऱ्या?

कडूबा : झाकणाला. मी दारं केली, तिफणी केल्या. असली पेटी कधी केली नाय. तुमच्यातला सोनाजी मिस्त्री करायचा, पण त्यो तर...

सूर्यभान : त्यो स्वतःच्याच पेटीत गेला! आधीच करून ठेवली होती, तिच्यात कांदे भरायचा. पुरताना पाळकसाहेबांच्या डोळ्याला धार. लोक म्हणले, लई माया होती.

सारजाबाई : बिजागरी नसती रं कडूबा. झाकण ठेवायचं, वरून खिळे ठोकायचे.

सूर्यभान : थांब, थांब! खिळे? सारजे, शेवटच्या दिवशी तुतारी वाजंल, मेलेले उठतील. हे वचन हाय का नाय?

सारजाबाई : हाय.

सूर्यभान : मग खिळे कोण काढंल? सोनाजी उठून पार फुलंब्रीच्या पुढं गेला, अन् मी आत बुक्क्या मारतोय! कडूबा, बिजागऱ्या तीन लाव. आन आतून कडी.

कडूबा : आतून?

सूर्यभान : आतून... माझ्या... हाताला येईल अशी...

सारजाबाई : पुरे आता. पाणी घ्या. हळू. अहो... अहो!

सूर्यभान : हाय गं. हाय मी.

सारजाबाई : असं डोळं पांढरं करू नका.

सूर्यभान : सारजे, खरं सांग. उठवील त्यो मला?

सारजाबाई : मला काय ठावं? तुम्ही बोलत असता तवर वाटतं.

सूर्यभान : आन मी गप बसलो की?

सारजाबाई : म्हणून तर तुमची बडबड ऐकत आले इतकी वर्षं.

कडूबा : काकू... मी निघतो. फक्त एवढं सांगा. खिळे का कडी?

सारजाबाई : कडी लाव.

कडूबा : आतूनच ना?

सारजाबाई : आतून लाव, अन् बाहेरून बी एक लाव. ह्यांना नुसत्या आवाजानं जाग येत नाय, मलाच उघडून हलवावं लागंल.