पाचवं पिल्लू

वायोमिंगमधल्या पशुखाद्याच्या दुकानात गल्ल्यावरची नेडीन एरवी भराभर हिशेब उरके. पण रांगेत मेंढपाळ अर्विड आणि त्याची शेजारीण इंगा मागेपुढे उभे राहिले, की कायोटी या कोल्ह्यासारख्या रानटी जनावरावरून त्यांची जुंपे आणि ऐकता ऐकता नेडीनचे हात आपोआप मंदावत.

“उद्या सापळेवाल्याला बोलावतोय. ती लंगडी कायोटी रोज माझ्या कॅमेऱ्यात दिसते. अगदी मेंढ्यांच्या कुंपणाशी!”

“किती कोकरं नेली तिनं?”

“अजून एकही नाही.”

“मग येऊन करते काय?”

“व्यालेल्या मेंढ्यांची वार खाते. आज वार, उद्या कोकरू!”

“अरे, तीन वर्षं हेच ऐकतेय. ती आहे म्हणून परक्या कायोटी इकडे फिरकत नाहीत.”

“तू तिची वकील कधीपासून झालीस?”

“ओढ्यापाशी कॅमेरा लावल्यापासून. बीळ तिथंच आहे तिचं. पिल्लंही झालीत.”

“माहीत आहे. चार.”

“तुला रे कसं माहीत?”

“ओढ्याच्या अलीकडे माझाही एक कॅमेरा आहे. सकाळी उन्हाला येतात तिथं. एकाचा कान दुमडलेला आहे.”

“चार नव्हे अर्विड, पाच.”

“पाच? मग पाचवं कुठाय? कालच्या फोटोतही चारच होती. त्याला काही झालं तर नाही ना?”

“काही नाही झालं. झोपाळू आहे ते. सगळ्यांच्या शेवटी बाहेर निघतं.”

“म्हणजे दिसेल?”

“दिसेल. जरा धीर धर.”

नेडीननं पावती पुढे सरकवली. “सापळेवाल्याला इथूनच फोन लावून देऊ का, अर्विड?”

“नको. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या दे. आठ.”