निवृत्तीभाऊंच्या जीपमधली शिट्टी

गाड्यांचे टेप दुरुस्त करायच्या धंद्यातलं एक गिऱ्हाईक माझ्या डोक्यातून जात नाही. पिंपळगावचे निवृत्तीभाऊ. त्यांच्या जीपच्या स्पीकरमधून इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी यायची. टेपची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात, तिथला रंग खरवडून मी ती घट्ट बसवली, आवाज बंद. तरी भाऊ दर महिन्याला दारात हजर. "शेठ, शिट्टी लय वाजती."

मला काहीच ऐकू येईना. चौथ्या वेळी वैतागून मी इंजिन बंद केलं, टेप काढून त्यांच्या हातात दिला. "आता?"

"वाजती ना अजून."

मी चरकलो. त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणीत आत गाठ निघाली, मेंदूपर्यंत गेलेली.

डॉक्टर चिडले, "इतके महिने कुणाला दाखवलं?"

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. "यांना."