रामरामाचा हात

छत्तीस साली लोणावळ्यात केशवच्या सायकलच्या दुकानात मी पंक्चर काढायला थांबलो होतो. माझ्याआधी नंबर होता भाजे गावच्या भिमाजीआबांचा आणि त्यांच्या जुन्या सायकलचा.

"आबा, हे खाली वाकलेलं हँडल बघा. साहेबलोक हेच नेतात."

"मला काय शर्यत लावायची न्हाई. उंच दे, अंगाकडं वळल्यालं. पाठ लय दुकती."

"बरं. आणि ब्रेक?"

"दोनी डाव्या हाताला बसव."

"दोन्ही एकीकडे? असं कुणी बसवत नाही, आबा."

"उजवा हात रामरामाला लागतो. परवा कुसगावात व्याही वट्यावर बसलं व्हतं. हात वर केला, आन उतारावर सायकल आवरंना. दुधाच्या किटल्यांसकट त्यांच्याच म्होरं पडलो."

"मग डाव्या हातानं करा रामराम."

"व्याह्याला? डाव्या हातानं?"

"तर मग सरळ उतरा. घटकाभर बसा, चहा घ्या."

"आदी उतरतच व्हतो. निगालो की लेक दारात रडायची, दिवसभर जेवायची न्हाई. आता नुसता म्होरनं जातो. ती हसती."

"बरं, बसवतो दोन्ही डावीकडे."

"आन घंटी मोठी दे. आत चुलीपतुर ऐकू गेली पायजे."