पानाच्या तळाला

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या.

"ताई, ऑफिसातली ती नवी मुलगी अजून डोक्यातून गेली नाही वाटतं?"

"कशी जाईल? वेबसाइटच्या प्रत्येक पानाचा तळ, ती खालची पत्ता-फोनची पट्टी, मी हातानं बदलायचे. हिनं तळाची एकच फाइल केली. पानात फक्त एक ओळ लिहायची, त्या फाइलीतला मजकूर सर्व्हर तिथं आपोआप भरतो."

"मग तुझा त्रास वाचला की."

"ती ओळ पानापानांत घातली मी. आणि तळाला नाव झळकलं तिचं."

"काढून टाकायचं."

"टाकलं ना. त्या एका फाइलीतून काढलं, सगळीकडून गेलं."

"मग?"

"तिनं परत घातलं. माझं वर, स्वतःचं खाली."

"अगं, मग चांगलीच आहे की ती."

"तेच तर बघवत नाही."