स्वस्तातलं धनुष्य

आमच्या ह्यांनी धनुष्य का घेतलं नाही, ते आज खरं सांगते. आता ते नाहीत, त्यांना कमीपणा येणार नाही.

केमोच्या खुर्चीत बसून मोबाइलवर एकच शोध चालायचा, शिकारीचं स्वस्तातलं कंपाउंड धनुष्य, ते कप्प्या लावलेलं, कोणतं. बरं झाल्यावर रानडुक्कर मारणार होते. मी म्हटलं, "अहो, सुपाचा चमचा धरवत नाही, डुक्कर काय मारताय?" माझी जीभच तसली.

शेवटी मीच ह्यांना इथे जर्मनीत, बॉबलिंगेनच्या एका दुकानात नेलं. ह्यांनी सगळ्यांत स्वस्तातलं उचललं आणि दोरी ओढली. हलली नाही. म्हाताऱ्या दुकानदाराने पान्याने स्क्रू ढिले करून ताण कमी केला. तरी हलेना. त्याने आणखी ढिले केले. ह्यांच्या कपाळावर घाम आला.

"अजून सैल करा ना," हे म्हणाले.

याहून सैल होत नव्हतं, ते मला दिसत होतं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग ह्यांना विचारलं, "कशासाठी हवंय?"

"शिकारीला."

"मग घेऊच नका. जर्मनीत धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. फरबोटन!"

ह्यांनी धनुष्य पटकन खाली ठेवलं. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "बघ, कायदा आडवा आला. नाहीतर आज घेतलंच असतं. हो ना गं?"

तोंडावर खरं बोलते म्हणून मला सगळे घाबरतात.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं. "मेल्यांचा कायदाच वाईट."