कालचं सँडविच

(सँडविचचं छोटं दुकान. बहीण काउंटरवर, धाकटा भाऊ आत ब्रेड कापतोय. दुपारची गर्दी नुकतीच ओसरलीय.)

गिऱ्हाईक : नाही हो ताई, काकडी-टोमॅटो नकोय. मला कालचंच हवंय.

ताई : काल तुम्ही काकडी-टोमॅटोच नेलंत. मी माझ्या हाताने दिलं.

गिऱ्हाईक : दिलंत तुम्हीच. पण आत काकडी नव्हती. टोमॅटोही नव्हता.

ताई : अगंबाई! मग होतं काय?

गिऱ्हाईक : तेच तर कळलं नाही. गोड होतं म्हणे, खारटही होतं. आणि चावलं की कुरकुर वाजत होतं.

ताई : माझ्या दुकानातलं सँडविच वाजतं? माफ करा हं, आजचं माझ्याकडून घ्या.

गिऱ्हाईक : तक्रार नाही हो माझी! माझी बायको... म्हणजे, आमच्याकडे गोड बातमी आहे.

ताई : अय्या! मग असं रडवेलं तोंड का?

गिऱ्हाईक : खाण्याचं नाव काढलं की ती तोंड फिरवते. माझी आई येऊन रांधून गेली, सासूबाई येऊन रांधून गेल्या, एक घास पोटात ठरत नाही. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. जीव नुसता टांगणीला लागलाय. काल मी माझं सँडविच टेबलावर ठेवून हात धुवायला गेलो. येऊन बघतो तर नुसता कागद! आणि ही बोटं चाटतेय.

ताई : ठरलं का पोटात?

गिऱ्हाईक : ठरलं! वर गाढ झोपली. आज सकाळपासून एकच धोशा, तेच आण. ताई, मला रिकाम्या हाताने घरी पाठवू नका.

ताई : अरे ए, ऐकलंस का? काल काय घातलं होतंस? आता मान खाली घालून ब्रेड काय कापतोयस? बोल की!

धाकटा : ते विकायचं नव्हतंच मुळी.

ताई : म्हणजे?

धाकटा : माझं जेवण होतं ते. कागदात गुंडाळून फळीवर ठेवलेलं. तू घाईघाईत तेच उचललंस.

ताई : आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?

धाकटा : बोललो असतो तर आत काय आहे ते सांगावं लागलं असतं. मग यांचं काकडी-टोमॅटो गुपचूप खाल्लं. काय बेचव असतं गं ते!

ताई : म्हणजे परत केळं घातलंस!

धाकटा : केळं, चीज, चुरलेले वेफर्स, मिरपूड. आणि वर लिंबाची साल किसून.

ताई : देवा रे! असली थेरं दुकानात करणार नाही, अशी शपथ घेतली होतीस ना माझी?

धाकटा : ती जॅम-कांद्याची घेतली होती.

गिऱ्हाईक : जॅम-कांदा? कसं लागतं हो ते?

धाकटा : आधी कांदा तव्यावर लालसर करायचा, मग...

ताई : तुम्ही त्याला काही विचारू नका, इथेच संध्याकाळ होईल! आणि तू, तोंडाचा पट्टा बंद कर आणि हात चालव. पोरगी उपाशी बसलीय तिकडे.

धाकटा : म्हणजे करू? खरंच?

ताई : आता काय अक्षता देऊ?

धाकटा : हे घ्या साहेब. वेफर्स वेगळ्या पुडीत दिलेत, अगदी खाताना घाला. आधी घातले तर मऊ पडतात. काल नशिबाने वाजले.

गिऱ्हाईक : फार उपकार झाले हो. उद्या पण मिळेल ना?

ताई : ती खातेय तोवर रोज मिळेल. पळा आता, आणि खाल्लं की लगेच कळवा हं!

धाकटा : गेले. चल, आता काय ओरडायचंय ते ओरडून घे.

ताई : सरक जरा. ती सुरी दे इकडे. केळं उभं कापायचं की आडवं?

धाकटा : आडवं. पातळ चकत्या. का गं, खाऊन बघणार तू?

ताई : मी कशाला खातेय असलं! पण उद्या तू आजारी पडलास, तर त्या पोरीने काय उपाशी राहायचं?